दोन समुद्रांमधला कालवा

श्रोतेहो, कालवा म्हटला की आपल्यापुढे काय उभे राहते? वर कुठेतरी धरण, त्यातून निघालेला कालवा, त्याला फुटलेल्या चाऱ्या, आणि आपली पाळी केव्हा येते म्हणून रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसलेला शेतकरी. आपला कालवा पिकासाठी. वरून निघायचे आणि उताराने खाली जायचे, एवढेच त्याला ठाऊक. पण आज मी तुम्हाला ज्या कालव्याची हकीकत सांगणार आहे, तो एका बाजूने टेकाड चढतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. साडेतीनशे वर्षे झाली, त्याच्यावरून नावा चालतात. पूर्वी त्यांत गहू आणि दारूची पिंपे असत. आता सुट्टीवर आलेली बायकामुले असतात. हा बदल कसा झाला, आणि त्यात कोणाचे काय गेले, हे आज सांगायचे आहे.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त फ्रान्सच्या दक्षिणेकडील तुलूझ शहरात असतो. विमानांच्या कारखान्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. "दादा, एकदा सगळे या, आपण आठवडाभर नावेत राहू," असे तो दोनतीन वर्षे म्हणत होता. शेवटी एका उन्हाळ्यात योग आला. मी, आमच्या सौभाग्यवती, आमची दोन मुले, भाऊ आणि भावजय अशी सहा माणसे कास्तेलनोदारी नावाच्या गावी एका नावेत चढलो. नाव कसली, चालते बिऱ्हाडच ते. आत निजायला फळ्या, चहाला शेगडी, अंघोळीला न्हाणी. तिथे अशी भाड्याची नाव चालवायला परवाना लागत नाही. नाववाला तासभर शिकवतो आणि सुकाणू हाती देतो. वेगही फारसा नाही. ताशी 8 किलोमीटरच्या वर जायचे नाही असा नियमच आहे. काठावरून सायकलीवर जाणारी शाळकरी पोरे आम्हाला मागे टाकून, हात हलवून पुढे जात.

गावातून निघालो तोच पहिली परीक्षा आली. इथे कालवा एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर जातो, आणि त्यासाठी पाण्याचे जिने बांधलेले आहेत. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना जलपाश म्हणतात. तिथले लोक एक्लूझ म्हणतात, आपण साधेपणाने लॉक म्हणू. लॉक म्हणजे दगडी हौद. त्याला वरच्या अंगाला एक लाकडी दरवाजा आणि खालच्या अंगाला दुसरा. नाव हौदात आली की वरचा दरवाजा लावायचा आणि खालच्या दरवाजातल्या लहान झडपा उघडायच्या. हौदातले पाणी हळूहळू खाली सुटते, त्याबरोबर नावही खाली बसते. पाणी खालच्या पातळीला आले की खालचा दरवाजा उघडायचा, नाव बाहेर. वर चढायचे असेल तर सगळे उलट करायचे. दरवाजाची दोन पाने सरळ रेषेत मिटत नाहीत. ती वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, त्यामुळे पाणी जितके जोर करील तितकी ती घट्ट बसतात. यंत्र नाही, तंत्र नाही, पाण्याच्याच जोराने पाणी अडवायचे.

कास्तेलनोदारीला असे चार हौद एकाखाली एक आहेत. खाली उतरताना काठावरच्या खुंटाला दोराचा वेढा घ्यायचा आणि टोक हातात धरून दोर सैल करत जायचे, असे आम्हाला शिकवले होते. भावजयीने काळजीपोटी चांगली गाठच मारली. पाणी खाली गेले, दोर ताणला, आणि नाव एका अंगाने लटकू लागली. लॉकवाला काठावरून ओरडत धावला, भावाने उडी मारून दोर सोडवला, आणि आमच्या सौभाग्यवतींनी गणपतीला नारळ बोलला. पुढच्या प्रत्येक लॉकला दोर धरायचे काम मुलांनी आपणहून घेतले.

चौथ्या हौदातून खाली आल्यावर माझी दहा वर्षांची मुलगी मागे वळून पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, प्रत्येक नावेबरोबर एवढं पाणी खाली जातं. मग वरचं पाणी संपत कसं नाही?"

श्रोतेहो, मी इतिहास शिकवतो. पण इतका नेमका प्रश्न वर्गात मला फार थोड्या वेळा ऐकायला मिळाला आहे. ह्याच प्रश्नापाशी फ्रान्समधली शहाणीसुरती माणसे दीडशे वर्षे अडून बसली होती.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. फ्रान्सच्या पश्चिमेला अटलांटिक महासागर आहे आणि दक्षिणेला भूमध्य समुद्र. एका समुद्रातून दुसऱ्यात जहाज न्यायचे तर स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जावे लागे. हा फेरा सुमारे 3,000 किलोमीटरचा. वाटेत चाचे, वादळे आणि स्पेनच्या राजाशी वैर. तुलूझपासून गारोन नदी पश्चिमेला महासागराकडे जाते. तिथून पूर्वेचा समुद्र काही फार लांब नाही. तेव्हा मधल्या भूमीवर कालवा खणावा, ही कल्पना राजा पहिला फ्रान्सिस याच्या काळापासून, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभापासून बोलली जात होती. पण मध्ये चढ होता. नोरूझ नावाच्या खिंडीत जमीन समुद्रसपाटीपासून 189 मीटर उंच आहे. तिथे पडलेल्या पावसाचे काही पाणी पश्चिमेच्या समुद्राला जाते, काही पूर्वेच्या. दोन्हींकडून लॉकचे जिने करून नाव माथ्यावर चढवता येईल, हे सर्वांना कळत होते. पण जाणारी प्रत्येक नाव माथ्यावरचे पाणी दोन्ही बाजूंना सांडणार. माथ्यावर ना नदी, ना ओढा. मग तिथे बारमाही पाणी आणायचे कोठून?

उत्तर शोधले ते कोणा इंजिनियराने नव्हे, तर मिठाचा कर वसूल करणाऱ्या एका अंमलदाराने. पिएर-पॉल रिके त्याचे नाव. बेझिये गावचा. फ्रान्समध्ये त्या काळी मिठावर जबर कर होता आणि त्याच्या वसुलीचा मक्ता दिला जाई. लांगदोक प्रांतातल्या या मक्त्यात रिकेने चांगला पैसा केला. मिठाचा कर म्हटला की आपल्याला 1930 सालचा सत्याग्रह आठवतो. तिथल्या गरिबांनाही तो कर तितकाच जाचक होता. तेव्हा ह्या कालव्यात जे पाणी खेळते, त्यात शेतकऱ्याच्या भाकरीतल्या मिठाचा पैसा आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

वसुलीच्या निमित्ताने रिके आपल्या मुलखात गावोगाव हिंडलेला. नोरूझच्या ईशान्येला एक डोंगर आहे, त्याला काळा डोंगर म्हणतात. तिथे पाऊस भरपूर आणि ओढे पुष्कळ. रेव्हेल गावचा पिएर कांपमास नावाचा एक माणूस होता. गावाच्या पाण्याची व्यवस्था पाहणे हे त्याचे काम. डोंगरातला ओढा न् ओढा त्याला ठाऊक होता. त्याला बरोबर घेऊन रिकेने डोंगर पालथा घातला आणि ठरवले की, हे सगळे ओढे कडेकडेने पाट खणून एकत्र करायचे आणि उताराचा हिशेब सांभाळत नोरूझच्या खिंडीपर्यंत आणायचे. 15 नोव्हेंबर 1662 रोजी त्याने चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहून ही योजना कळवली.

कोल्बेर हे नाव आपल्या इतिहासाच्या शिक्षकांना अनोळखी नाही. 1664 साली फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली ती ह्यानेच, आणि 1668 साली त्या कंपनीची वखार सुरतेला आली. तेव्हा आपल्याकडच्या सनावळीशी हे ताडून पाहा, मनात चांगले राहील. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते ऑगस्ट 1666 मध्ये, आणि कालवा खणण्याचा लुई राजाचा हुकूम निघाला ऑक्टोबर 1666 मध्ये. तिकडे हौद आणि बांध बांधले जात होते तेव्हा इकडे रायगडावर 1674 साली राज्याभिषेक झाला.

हुकूम निघण्यापूर्वी सरकारी मंडळींनी पुरावा मागितला. रिकेने आधी एक लहानशी चाचणीची चारी खणली आणि 1665 साली डोंगराचे पाणी खरोखर नोरूझला आणून दाखवले. बोलणे थांबले ते त्या वाहत्या पाण्यापुढे. मग काम सुरू झाले. उन्हाळ्यात ओढे आटतात म्हणून डोंगराच्या पायथ्याशी सें-फेरेओल येथे धरण घातले. 1667 साली पहिला दगड बसला आणि 1672 साली धरण उभे राहिले. मध्ये दगडी भिंती आणि त्यांच्यामध्ये माती ठोकून भरलेली, अशी त्याची बांधणी आहे. पाणी मावते सुमारे 60 लाख घनमीटर. आपल्याकडे धरणाचे पाणी टीएमसीत मोजतात. त्या मापाने हे एका टीएमसीचा जेमतेम पाचवा हिस्सा. पण त्या काळी, हातातल्या कुदळ-फावड्यांवर, हे काम डोंगराएवढेच होते.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिला डोळ्यांनी दिसावे म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी मोटारीने नोरूझला गेलो. तिथे डोंगरातून आलेला पाट शांतपणे कालव्याला मिळतो. मुलीने दोन काटक्या पाण्यात टाकल्या, एक ह्या बाजूला जाते की त्या बाजूला हे पाहायला. शेजारीच रिकेच्या वंशजांनी उभारलेला दगडी स्तंभ आहे. झाडांत गारवा होता, माणसे थोडी होती. मला मात्र सांगावेसे वाटते ते एवढेच की, 1787 सालच्या मे महिन्यात अमेरिकेचे त्या वेळचे फ्रान्समधील वकील टॉमस जेफरसन, पुढे जे त्यांच्या देशाचे अध्यक्ष झाले, तेही ह्या कालव्याने आले होते. घोडागाडीची चाके काढून त्यांनी गाडी नावेवर ठेवली आणि आत बसून मजेत लिहीत-वाचत प्रवास केला. पण त्यांनाही राहवले नाही. नाव सोडून ते घोड्यावर बसून हे पाणी येते कोठून ते पाहायला डोंगराकडे गेले. म्हणजे दहा वर्षांच्या पोरीचा प्रश्न तोच जेफरसनचाही.

आता काम केले कोणी ते पाहू. कालवा तुलूझपासून समुद्रकाठच्या खाऱ्या सरोवरापर्यंत सुमारे 240 किलोमीटर लांब आहे. शिवाय त्याच्या टोकाला सेत नावाचे नवे बंदर बांधायचे होते. भराच्या दिवसांत एका वेळी सुमारे 12,000 माणसे कामावर असत. त्यांत बायका पुष्कळ. टोपल्यांतून माती वाहण्याचे काम त्या करत. पण केवळ मातीच नव्हे. पिरेनीज डोंगरातल्या खेड्यांत पाट काढून गावात पाणी आणण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली होती, आणि तिथून आलेल्या बायांनी ती विद्या कालव्याच्या कामात आणली, असे अलीकडच्या काळातले अभ्यासक म्हणतात. आपल्या कोकणात आणि मावळात ज्यांनी डोंगरउताराला पाट काढलेले पाहिले आहेत, त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

इतकी माणसे मिळायची कशी? सुगीला सगळे शेतावर. म्हणून रिकेने रोजाऐवजी महिन्याचा पगार सुरू केला, आणि त्यात एक गोष्ट केली जी त्या काळात दुर्मीळ होती. रविवार, सणवार आणि पावसाने काम बंद पडले तर ते दिवसही पगारी धरले. आजारी पडला तरी मजूर उपाशी राहणार नाही अशी तजवीज केली. जमीनदारांनी कुरकुर केली की, हा आमची माणसे पळवतो. रिके संत होता असे मी म्हणत नाही. त्याला हात हवे होते, आणि हात टिकवायचे तर माणसाला विसावा दिला पाहिजे हे त्याला व्यवहाराने कळले. पण ज्या कालव्यावर आज लोक सुट्टी घालवायला येतात, तो खणताना मजुराला पगारी सुट्टी मिळाली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अडचणी काय थोड्या? लॉकच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळल्या, म्हणून रिकेने हौद लंबगोल केले. आडवी ठेवलेली कमानच ती. माती जितकी दाबील तितके दगड एकमेकांना धरतील. आजही ह्या कालव्याचे हौद असे पोटाशी फुगीर आहेत, आणि त्यात एकाच वेळी तीनचार नावा पाठीला पाठ लावून उभ्या राहतात. बेझियेजवळ फोन्सेरान येथे जमीन एकदम साडेएकवीस मीटर उतरते. तिथे आठ हौदांचा एक सलग जिना आहे. त्याच्या अलीकडे मालपाची टेकडी. तिचा दगड भुसभुशीत, बोगदा कोसळेल म्हणून काम थांबवण्याची पाळी आली. तेव्हा आठवडाभरात गुपचूप आरपार भोक पाडून रिकेने सर्वांची तोंडे बंद केली, अशी हकीकत तिथे सांगतात. हकीकतीत मीठमसाला किती हे सोडा, पण बोगदा आहे. सुमारे 165 मीटर लांब. कालव्यासाठी खणलेला युरोपातला हा पहिला बोगदा समजतात. त्याच टेकडीच्या पोटात, त्याच्याही खालून, तेराव्या शतकात एका दलदलीचे पाणी काढायला खणलेला बोगदा आहे, आणि एकोणिसाव्या शतकात तिथूनच रेल्वेचाही बोगदा गेला. एकाच टेकडीत तीन युगे, असे म्हटले तरी चालेल.

पैसा मात्र पुरेना. राजाचा खजिना लढायांत रिकामा होत होता आणि प्रांताचे पुढारी हात आखडता घेत. रिकेने स्वतःची मिळकत घातली, कर्ज काढले. मुलींच्या हुंड्याला ठेवलेली रक्कमसुद्धा कालव्यात गेली असे सांगतात. कार्कासोन शहराने आपल्या वाट्याचा पैसा द्यायचे नाकारले, म्हणून कालवा शहराला वळसा घालून दुरून गेला. पुढे त्यांना पश्चात्ताप झाला आणि 1810 साली नवा तुकडा खणून कालवा शहरात आणावा लागला. गावातून रस्ता, एस.टी. किंवा शाळा परत गेल्याच्या गोष्टी आपल्याकडेही काही कमी नाहीत.

शिवाजी महाराजांचे निर्वाण झाले 3 एप्रिल 1680 रोजी. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला तुलूझला रिके वारला. थोडेसेच काम उरले होते. 1681 सालच्या मे महिन्यात पहिल्या नावा समारंभाने कालव्यातून गेल्या, तेव्हा त्याचे मुलगे नावेत होते, तो नव्हता. मागे सुमारे 20 लाख लिव्र एवढे कर्ज उरले. ते फिटून वंशजांच्या हाती नफा यायला 1724 साल उजाडले. बांधणाऱ्याच्या हयातीत फळ येतेच असे नाही. आंबा लावणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती हीच.

कालवा सुरू झाला तरी नदीनाल्यांचे पूर आत शिरून गाळ भरू लागला. 1686 साली राजाचा मोठा इंजिनियर व्होबां पाहणीला आला. त्याने ओढे कालव्याच्या खालून नेण्यासाठी मोऱ्या आणि जलसेतू बांधवून घेतले, तेव्हा काम पक्के झाले. मग दोनशे वर्षे हा कालवा त्या मुलखाची रक्तवाहिनी होता. लांगदोकचा गहू आणि दारू नावांतून जाई. टपालाची नाव असे, तिला घोडे काठावरून ओढत. तुलूझहून समुद्राकाठच्या आग्दपर्यंत उतारूंना चार दिवस लागत. वाटेत जेवणाचे मुक्काम, रात्रीच्या वस्तीला खानावळी. आपल्या पायवाटांवरच्या धर्मशाळांसारखेच.

1857 साली बोर्दोपासून सेतपर्यंत रेल्वे झाली, आणि खेळ फिरला. दुसऱ्याच वर्षी कालवा रेल्वे कंपनीलाच भाडेपट्ट्याने दिला गेला. म्हणजे मांजराच्या हाती दुधाचे भांडे! चाळीस वर्षांनी सरकारने तो परत घेतला, पण तोवर धंदा गेला होता. 1879 साली मंत्री फ्रेसिने याने देशभरच्या कालव्यांचे लॉक साडेअडतीस मीटर लांबीचे करायचे ठरवले. पण ह्या कालव्याचे जुने हौद बहुतांशी तसेच राहिले. मोठ्या नावा इथे येईनात. ही उपेक्षाच पुढे पथ्यावर पडली. जुने हौद, जुने पूल, जुनी घरे पाडली गेली नाहीत.

नावेवरच्या माणसांचे काय? नावाड्याचे कुटुंब नावेतच राहत असे. बायको सुकाणू धरी, पोरे घोड्यामागून चालत. देशाच्या उत्तरेकडच्या कालव्यांवर ज्यांना घोडा परवडत नसे, तिथे नवराबायको आणि मुले स्वतः छातीला पट्टा बांधून भरलेली नाव ओढत. आज ज्या काठच्या वाटेने पाहुणे सायकली फिरवतात, ती वाट अशी पायांनी आणि खुरांनी पडलेली आहे. पुढे इंजिने आली, मग मालमोटारी आल्या. 1980 च्या दशकाअखेर ह्या कालव्यावरची मालवाहतूक संपली. नावाड्याच्या पोरांना दुसरा धंदा शोधावा लागला. काळ बदलतो तेव्हा त्याचा हिशेब असा कोणाच्या तरी चुलीपाशी होतो.

हौसेने नावेत फिरणे मात्र जुने आहे. पण ते श्रीमंतांचे. 1878 साली निघालेल्या हेक्टर मालोच्या प्रसिद्ध कादंबरीत एक धनिक बाई आपल्या आजारी मुलाला घेऊन ह्याच कालव्यावर घरासारख्या नावेतून फिरते, आणि काठावर भुकेला उभा असलेला अनाथ पोरगा, नायक रेमी, तिच्याकडे पाहतो. नावेत सुट्टी, काठावर भूक, असे ते चित्र आहे. ते पालटायला 1936 साल यावे लागले. त्या वर्षी जूनमध्ये, मोठ्या संपांच्या पाठोपाठ, फ्रान्सच्या सरकारने कायदा केला की, प्रत्येक कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली पाहिजे. रेल्वेच्या तिकिटात सवलत दिली. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, अशी हजारो कुटुंबे त्या उन्हाळ्यात घराबाहेर पडली. 1956 साली तिसरा आठवडा, 1969 साली चौथा आणि 1982 साली पाचवा आठवडा मिळाला. रिकाम्या पडलेल्या कालव्यांना हे नवे प्रवासी मिळाले. नाहीतर बुजवून सडका करायच्या गोष्टी काही ठिकाणी चाललेल्याच होत्या. 1996 साली युनेस्कोने हा कालवा जागतिक वारशात घेतला. फाट्यांसह 360 किलोमीटरचे पाणी आणि 328 बांधकामे त्यात मोजली आहेत.

सगळे छान झाले असे मात्र नाही. कालव्याच्या दुतर्फा सावली धरणारी झाडे आहेत, आपल्या काश्मीरच्या चिनाराचे भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात लावलेली, एकूण सुमारे 42,000. 2006 साली कार्कासोनजवळ त्यांना एका बुरशीचा रोग लागलेला आढळला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकी सामानाच्या लाकडी पेट्यांतून ती बुरशी फ्रान्समध्ये आली असे मानतात. औषध नाही. लागण झालेले झाड आणि शेजारची झाडे तोडून जाळायची, एवढाच उपाय. हजारो झाडे अशी गेली. आम्ही मैलच्या मैल उघड्या काठांतून गेलो. पोरसवदा नवी झाडे काठ्यांच्या आधाराने उभी होती. ह्या वेळी सर्व एकाच जातीची नाहीत, वेगवेगळ्या जातींची लावली आहेत. एका संध्याकाळी मुलाने दोर एका जुन्या बुंध्याला बांधायला घेतला, तर काठावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खुणेने थांबवले. झाडाला दोर बांधायचा नाही. दोराने साल खरवडते आणि रोग एका झाडावरून नावेबरोबर दुसऱ्या गावाला जातो. म्हणजे सुट्टीवर आलेल्यांच्या दोरानेही झाडे मेली. मुलगा ओशाळला. मीही ओशाळलो, कारण बांध म्हणून मीच सांगितले होते.

शिवाय पाणी. डोंगराचे पाणी आता नुसते नावांसाठी नाही. शेतीला आणि गावांनाही त्यातला वाटा आहे. पाऊस कमी झालेल्या उन्हाळ्यात लॉकवाले एकट्या नावेसाठी दरवाजा उघडत नाहीत, तीनचार नावा जमेपर्यंत थांबवतात. आम्हाला एकदा तासभर थांबावे लागले. शेजारच्या नावेतले एक कुटुंब वैतागले. आमच्या सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, "थांबू की. पाळीचं पाणी आहे." दुष्काळी भागातल्या माहेरची बाई, तिला ते समजावून सांगावे लागले नाही.

कार्कासोनला नाव परत केली त्या दिवशी मुलीने वहीत लिहिले होते ते मी चोरून वाचले. राजाचे नाव नव्हते, मंत्र्याचेही नव्हते. एक चित्र होते. डोंगर, डोंगरातून येणारा पाट, खिंड, आणि दोन्हींकडे दोन बाण. खाली लिहिले होते, पाणी संपत नाही कारण वर कोणीतरी ते आणून ठेवलं आहे.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. तुमच्या शाळेपासून जवळ कालवा असेल, पाट असेल, निदान जुनी विहीर आणि मोट ओढायची धाव असेल. एक दिवस वर्ग तिथे न्या. हे कोणी बांधले, कोणाच्या पैशाने, कोणाच्या हातांनी, आणि ह्याचे पाणी येते कोठून, एवढे चार प्रश्न मुलांना विचारा. उत्तरे गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मिळवायला सांगा. खणणाऱ्यांपैकी एखाद्याचे नाव अजून कोणाला आठवत असेल, तर ते फळ्यावर लिहा. रिकेच्या 12,000 माणसांपैकी फारच थोड्यांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत. आपल्या गावच्या माणसांचे तसे होऊ नये.